माझ्या बायकोचं मधलं नाव

आमच्या सोसायटीत कुणाचाही फॉर्म अडला की माणूस दुसऱ्या मजल्यावर कुंदन मोगलांकडे जातो. जाऊ दे, माझी हरकत नाही. पण तो माझ्या दारावरून जातो, याला माझी हरकत आहे. मी पहिल्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट आहे, आमच्या मखमलाबाद नाक्याच्या मानाने ती बऱ्यापैकी चालूही असते. पण फॉर्मवाला माणूस लिफ्टने कधी जात नाही. तो जिन्याने, चपला वाजवत, ‘कुंदनभाऊ, आहात का?’ असं वर तोंड करून ओरडत जातो. उतरताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते मी दाराच्या जाळीतून पाहिलेलं आहे.

हे समाधान पूर्वी माझ्या दारातून बाहेर पडायचं. निफाडच्या एका शिक्षणसंस्थेत मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. माझं अक्षर छापल्यासारखं. रेशनकार्ड असो, गॅसची जोडणी असो, मुलीचं अ‍ॅडमिशन असो, लोक कोरा फॉर्म आणि पेढे घेऊन माझ्याकडे यायचे. मग फॉर्म कागदावरून उठून कॉम्प्युटरमध्ये गेले आणि पेढे एक मजला वर गेले. कुंदन ठिबक सिंचनाच्या कंपनीत होता. केस अजून काळे, चष्मा गळ्यात दोरीला लटकवलेला आणि लॅपटॉप असा उघडतो जसा काही पेटीवादक पेटी उघडतोय. खिडकीत डेलियाच्या कुंड्या. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. वाईट असता तर माझं काम फार सोपं झालं असतं.

तर आमच्या हिला सिंगापूरचं बोलावणं आलं.

ही म्हणजे छाया, माझी पत्नी. पन्नाशी उलटल्यावर बायका गुडघ्यांना तेल लावतात. हिने गुडघ्यांना पट्टे बांधले आणि महिलांच्या ढोलपथकात नाव घातलं. मी आधी हसलो, मग मिरवणुकीत पाहिलं आणि हसायचं थांबलो. कमरेला ढोल बांधून ती अशी वाजवते की समोरच्या दुकानाचं शटर थरथरतं. त्या पथकाला सिंगापूरच्या मराठी मंडळींनी गणेशोत्सवासाठी बोलावलं. आता पथक महिलांचं, पण ताशाला अनुभवी हात हवा म्हणून एकच पुरुष घेतला होता. तो कोण, हे मी सांगायला नको. ताशेवाला पथकाच्या पुढे उभा राहतो आणि सगळे ढोल त्याच्याकडे बघून वाजतात. म्हणजे माझी बायको आठवड्यातून तीन संध्याकाळी एकटक कुंदनकडे बघत असते. वादनासाठीच. ते मला माहीत आहे.

पासपोर्ट काढायचा तर घोळ निघाला. हिच्या शाळेच्या दाखल्यावर नाव होतं ‘रंगू लहानू बोरस्ते’. आधारकार्डावर ‘छाया सावळीराम काकड’. लग्नात आमच्याकडे मुलीचं नाव बदलायची पद्धत. माझ्या आत्याने ‘सावळीरामाला छाया शोभते’ म्हणून सुचवलं आणि मी ताटातल्या तांदळात अंगठीने ते गिरवलं. तांदळातलं नाव सरकार धरत नाही. नाव बदलल्याचं राजपत्रात रीतसर छापून आणलं पाहिजे, म्हणजे रंगू आणि छाया ही एकच बाई आहे हे सिद्ध होईल.

हे हिला कुणी सांगितलं? कुंदनने. सरावाला. चहा पिताना.

“त्यांनी संध्यावहिनींचं असंच केलं होतं,” ही म्हणाली. संध्यावहिनी म्हणजे कुंदनची बायको. “अर्ध्या तासाचं काम आहे म्हणाले. रविवारी वर जाऊन बसू.”

“काही वर जायचं नाही,” मी म्हणालो. “या घरात आयुष्यभर फॉर्म भरलेला माणूस बसलाय.”

“अहो, पण हे कॉम्प्युटरवर आहे.”

“फॉर्म तो फॉर्मच. नाव, पत्ता, जन्मतारीख. कॉम्प्युटर काय त्यात मीठ घालणार आहे?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “बघा हं. मला जायचंय.”

एवढंच म्हणाली. पण ज्या सुरात म्हणाली, तो सूर मी मुलगी होणार होती तेव्हाही ऐकला नव्हता.

मी कामाला लागलो. पुण्याहून मुलगी वेदिका फोनवर म्हणाली, “बाबा, मी इथून भरून देते.” तिलाही मी नकार दिला. एकदा स्वाभिमान बाहेर काढला की घरच्यांसाठी वेगळा ठेवता येत नाही.

पहिल्या दिवशी मी हिचं नाव मराठीत टाइप केलं. ‘काक’ लिहिल्याबरोबर कॉम्प्युटरने मला ‘काकडी’ सुचवली. मी ती खोडली. त्याने पुन्हा सुचवली. छाया सावळीराम काकडी. आमच्या पाच पिढ्या गोदाकाठी भाजीपाला पिकवत आल्या हे खरं, पण ते त्याला कोणी सांगितलं? दुसऱ्या दिवशी जन्मतारीख. तिथे आकडा टाकता येत नव्हता, कॅलेंडर उघडत होतं आणि ते एकेक महिना मागे जात होतं. मी बोट दाबत दाबत हिच्या लग्नापर्यंत पोचलो, जरा भावुक झालो, तेवढ्यात पान म्हणालं की तुमची वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. मग फोटो. फोटो आधी फार मोठा होता, म्हणून घेतला नाही. लहान केला तर फार लहान झाला, म्हणून घेतला नाही. हिची सही मोबाइलवर काढली, तर सहीबरोबर माझा अंगठाही आला, आणि ज्याच्या अंगठ्याचा ठसा कुणी मागितला नव्हता त्याचा अंगठा सरकारने घेतला. तो मात्र पहिल्या झटक्यात चढला.

शिवाय सल्ले. तिसऱ्या मजल्यावरचे रावजी, मूळचे येवल्याकडचे, रोज सकाळी पेपर मागायला येतात. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणायचे, “लय बारीक अक्षर हाय हो. मोठं करा की.” मोठं केलं की म्हणायचे, “आता खालचं बटन दिसंना झालं.” तळमजल्यावरच्या विमलाबाई, या इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या, “काकड, मराठी काहीही लिहा, इंग्रजी मला दाखवून घ्या.” मी ‘हो हो’ म्हणालो. ज्या माणसाने कुंदनला दाखवायचं नाकारलं, तो विमलाबाईंना कशाला दाखवतोय?

खरा अडसर आला मजकुराचा. ‘मी, अमुक, जुने नाव तमुक, याद्वारे जाहीर करते की’ असा मजकूर मराठीत आणि इंग्रजीत द्यायचा होता. सोसायटीच्या ग्रुपवर कुंदनने मागे कधीतरी ‘सर्वांच्या उपयोगासाठी’ असं लिहून संध्यावहिनींच्या अर्जाचा नमुना टाकून ठेवला होता. तेव्हा मी तो न बघता पुढे गेलो होतो. आता उघडला. यावर मी बराच विचार केला आणि या निर्णयाला आलो की नमुना ही मदत नव्हे. मदत माणूस करतो; नमुना नुसता पडलेला असतो.

मराठी मजकुरात मी संध्या काढून छाया घातलं, कुंदन काढून सावळीराम घातलं, मोगल काढून काकड घातलं. कुंदनला काढताना जरा जोर लावला. मग इंग्रजी. मोठ्या अक्षरातलं ‘संध्या’ पुसून ‘छाया’ लिहिलं, आणि तेवढ्यात पान म्हणालं की अर्जदाराच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, तो लगेच टाका.

अर्जदार ढोल वाजवायला गेली होती. मी फोन लावला. वाजला, वाजला, आणि उचलला.

“बोला सावळीरामभाऊ!” कुंदन.

“छाया कुठे आहे?”

“ढोल ताणताहेत. सरावाला सगळ्या जणी फोन माझ्या पिशवीत ठेवतात. काय, ओटीपी हवाय का?”

मी पेन शोधू लागलो.

“आलाय, आलाय. लिहून घ्या.” आणि त्याने तो मला आकड्याआकड्याने, मध्ये थांबत, लहान मुलाला शुद्धलेखन घालावं तसा घातला. मागे ढोल घुमत होते. कुणीतरी बाई हसली. ती हीच होती. हिचं हसणं मी शंभर ढोलांतून ओळखीन. “काही अडलं तर विचारा हं,” कुंदन म्हणाला.

“अडलं नाही,” मी म्हणालो आणि फोन ठेवला. माझे कान गरम झाले होते. ही हसली कशाला? ढोल ताणण्यात हसण्यासारखं काय असतं? पिशवी तरी त्याचीच का? पथकात एवढ्या बायका, एकीकडेही पिशवी नाही? असा विचार करत करत मी ओटीपी टाकला, इंग्रजी मजकुराकडे वळलो, ‘मोगल’ पुसून ‘काकड’ लिहिलं, मराठी मजकूर तीनदा वाचला, इंग्रजीवर नजर फिरवली. मोठ्या अक्षरात तीन शब्द ऐटीत उभे होते. मी अर्ज पाठवून दिला.

काही आठवड्यांनी नाव छापून आलं. राजपत्रात! आमच्या घराण्यात याआधी कुणाचं नाव फक्त यात्रेच्या वर्गणीदारांत छापलं गेलं होतं. मी ते पान हिला दाखवण्याआधी, आणि ही माझी चूक मोठी की आधीची, हे मला आजही ठरवता येत नाही, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं : ‘सौ. छाया यांचे नाव आज राजपत्रात प्रसिद्ध. संपूर्ण अर्ज ऑनलाइन, स्वतः भरला. कोणाचीही मदत घेतली नाही.’ शेवटचं वाक्य मी ठळक केलं. ठळक कसं करायचं ते मुद्दाम शिकून केलं.

अंगठे आले. फुलं आली. रावजींनी दोन्ही हात जोडले. मी खुर्चीत मागे रेलून दुसऱ्या मजल्याची प्रतिक्रिया येते का, याची वाट पाहू लागलो.

मग विमलाबाईंचा निरोप आला : ‘अभिनंदन, काकड. मराठीत उत्तम. इंग्रजीत मात्र छाया कुंदन काकड असे छापले आहे. हे कुंदन म्हणजे आपलेच का?’

ग्रुप शांत झाला. एवढी शांतता आमच्या ग्रुपवर पाणी येणार नसतानाही नसते. वर ‘कुंदन टाइप करत आहेत’ असं दिसलं. मग गेलं. पुन्हा दिसलं. पुन्हा गेलं. शेवटी संध्यावहिनींनी लिहिलं : ‘मला आधी कळवलं असतं तर अक्षता तरी टाकल्या असत्या.’

मी निरोप पुसायला गेलो. ‘फक्त माझ्यासाठी पुसा’ आणि ‘सर्वांसाठी पुसा’ अशा दोन जागा होत्या. मी माझ्यासाठी पुसला. म्हणजे आता संपूर्ण सोसायटीत तो फक्त मला दिसत नव्हता.

रावजी पेपरची वेळ नसताना खाली आले. खुर्ची ओढून बसले. “मी बराच इचार केला,” ते म्हणाले. “हे बघा, वहिनींचं आता सरकारात छापलं गेलं. ते बदलायचं म्हंजे पुन्हा सगळं. त्यापरीस तुम्ही तुमचं नाव बदलून कुंदन करून घ्या. एकच अर्ज. लय सोपं.”

मी त्यांना जायला सांगितलं. पण खरं सांगायचं तर त्यांच्यामागे दार लावल्यावर, वडिलांचं सखाराम तसंच ठेवून, कुंदन सखाराम काकड कसं वाटतं, हे मी एकदा मनात म्हणून पाहिलं.

संध्याकाळी ही सरावाहून आली. हातात ढोल वाजवायचं टिपरू होतं. तिने ते टेबलावर ठेवलं. पथकातल्या बायकांनी तिला काय काय म्हटलं असेल, ते तिच्या चेहऱ्यावर होतं. मी तयारीत होतो : कॉम्प्युटरचा दोष, नमुन्याचा दोष, आणि मुख्य म्हणजे ऐन वेळी फोन उचलणाऱ्याचा दोष.

“ते पान दाखवा,” ती म्हणाली.

मी मोबाइल पुढे केला. तिने ते मोठं केलं, इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचलं, बोट खाली सरकवत.

“अगं, तो ओटीपी आला आणि तो कुंदन मधेच—”

“माझं नाव आहे ना हे?” ती म्हणाली. “पाठवायच्या आधी मला एकदा वाचायला द्यायचं होतं. तांदळात लिहिलंत तेव्हाही नाही दिलं.”

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर मी परत ओरडलो असतो, आणि आमचं नेहमीसारखं मिटलं असतं. ती आत गेली आणि तिने कुकर लावला.

दुरुस्तीचा अर्ज लवकर गेला नाही, तर पासपोर्ट वेळेत मिळणार नव्हता. ढोल सिंगापूरला जाणार, ताशा जाणार, आणि ही घरी बसणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना चढलो. आयुष्यात कुठलाही डोंगर मला एवढा जड गेला नाही. कुंदनने दार उघडलं. त्याच्या हातात डेलियाला पाणी घालायची झारी होती.

“कुंदनभाऊ,” मी म्हणालो. पुढचं वाक्य मी पायऱ्यांवर पाठ केलं होतं, ते गेलं. “जरा येता का?”

तो तसाच, झारी ठेवून, बनियनवर शर्ट चढवत आला. पायऱ्या उतरताना हळूच म्हणाला, “सावळीरामभाऊ, देवाशपथ, माझी यात काही चूक नाही. संध्या तर कालपासून मला ‘अहो काकड’ म्हणतीये.” मला त्या क्षणी पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

तो आमच्या टेबलाशी बसला. त्याने चष्मा दोरीवरून उचलून नाकावर ठेवला, लॅपटॉप पेटीसारखा उघडला. मी शेजारी खुर्ची घेतली. पहिली ओळ आली : दुरुस्तीचे कारण.

“टंकलेखनातली चूक, असं लिहू,” कुंदन म्हणाला.

“चूक कुणाची ते येऊ नये,” मी म्हणालो.

“‘नजरचुकीने’ लिहू.”

“नजर कुणाची?”

“भाऊ, ‘नजरचुकीने’ मध्ये नजर कुणाचीच नसते.”

“मग असं लिहा, ‘दुसऱ्याच्या नमुन्यामुळे’.”

“नमुन्याने काय केलं? तुम्ही तो बदलला नाहीत!”

“तुम्ही फोन उचलला नसता तर बदलला असता!”

“फोन वाजत होता!”

“वाजू द्यायचा! तो फोन तुमचा होता का?”

आम्ही दोघं उभे राहिलो होतो. दोन निवृत्त माणसं, एकाच्या नाकावर चष्मा, दुसऱ्याच्या हातात माउस. छाया स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने चहाचे कप खाली ठेवले.

“उठा,” ती म्हणाली.

“कोण?” आम्ही दोघांनी विचारलं.

“दोघंही.”

ती खुर्चीत बसली. लॅपटॉप आपल्याकडे ओढला. “कुंदनभाऊ, नवीन नाव कुठे लिहायचं?” त्याने बोटाने जागा दाखवली. तीन चौकटी होत्या. पहिल्या चौकटीत तिने एकेक अक्षर शोधत छाया लिहिलं. तिसऱ्या चौकटीत काकड. मधल्या चौकटीत ते ‘कुंदन’ अजून बसलेलं होतं. तिने ते एका बाजूने पुसत आणलं आणि चौकट रिकामी झाली. ती हात उचलून स्वस्थ बसली.

“आता सावळीराम,” मी म्हणालो.

“नको.”

“म्हणजे?”

“मध्ये कुणीच नको,” ती म्हणाली. “ना हे, ना ते. कुंदनभाऊ, मधलं रिकामं चालतं का?”

कुंदनने माझ्याकडे पाहिलं. मग पानाकडे. “चालतं, वहिनी. तिथे सक्तीची चांदणी नाही.”

“मग राहू द्या.”

मला फार लागलं. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं मी तिच्या नावात मधोमध ऐसपैस बसलो होतो, आणि एका बोटाने मला उठवलं होतं. पण कुंदनही उठवला गेला होता, आणि मनाच्या तळाशी मी तेवढ्यावर तगून होतो. ती मात्र सगळं पान वरपासून वाचत होती. मराठी वाचलं. इंग्रजी वाचलं. एका ठिकाणी थांबली, एक अक्षर दुरुस्त केलं. ते आम्हा दोघांनाही दिसलं नव्हतं. मग तिने अर्ज स्वतः पाठवला. ओटीपी तिच्याच फोनवर आला, आणि फोन तिच्याच हातात होता.

दुरुस्ती वेळेत छापून आली. ग्रुपवर मी काही टाकलं नाही. विमलाबाईंना मात्र ते पान आधी नेऊन दाखवलं. त्यांनी लाल पेन शोधलं, पण वापरायची वेळ आली नाही.

पासपोर्टच्या कार्यालयात मी हिच्याबरोबर गेलो. आत काउंटरपर्यंत मला सोडलं, ते मी कागदांची पिशवी छातीशी धरून होतो म्हणून असावं. काउंटरवरचा माणूस कागद उलटत होता. रंगू पाहिली, छाया पाहिली, राजपत्राची दोन्ही पानं पाहिली. दोन पानांवर तो जरा जास्तच थांबला. कुंदनच्या नावावर त्याचं बोट टेकलं, तेव्हा माझ्या कानांत पुन्हा ताशा वाजू लागला.

“मॅडम,” त्याने मान वर केली, “पतीचं नाव सांगा.”

आमची ही जुन्या वळणाची. लग्नाच्या पंगतीत उखाण्यात एकदा माझं नाव घेतलं, त्यानंतर मी तिच्यासाठी ‘अहो’, ‘वेदिकाचे बाबा’ आणि रागात नुसता ‘हे’ होतो. मी तिच्याकडे पाहिलं. ती त्या माणसाकडे पाहत होती. मागे रांग होती, पंखा घरघरत होता.

“सावळीराम,” ती म्हणाली. ढोलाचा पहिला ठोका पडावा तसं, खणखणीत. रांगेतल्या दोघातिघांनी मान वळवली.

“स्पेलिंग?”

मी पुढे सरसावलो. तोंड उघडलं.

“तुम्ही थांबा,” छाया म्हणाली आणि माझ्या नावाचं एकेक अक्षर, एकही न चुकता, तिने त्याला स्वतः सांगितलं.